घोड्यांचा डॉक्टर घरी पोचतो का

चौतीस वर्षं मी वाचून पोट भरलं, पण मजेसाठी म्हणून एक ओळ वाचली नव्हती. हे ऐकून लोक हसतात. हसोत बापडे. शिंप्याच्या अंगात फाटका सदरा असतो, तशातलाच प्रकार.

सरकारी छापखान्याच्या प्रूफखोलीत आमची नोकरी. तिथं माणसं जोडीनं बसत. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं समोरच्या प्रुफावर पेन्सिल फिरवत चुका धरायच्या. वाचणारा तो वाचक, धरणारा तो शोधक. मी वाचक होतो आणि अठ्ठावीस वर्षं माझ्यासमोर एकच शोधक होते. नावानं आम्ही एकमेकांना कधी हाक मारली नाही. 'काय वाचक?' 'बोला, शोधक.' एवढ्यावर भागायचं. आणि वाचायचं म्हणजे नुसतं वाचायचं नाही, चिन्हांसकट वाचायचं. 'सदर जमीन स्वल्पविराम विहिरीसह कंस सुरू उत्तरेकडील कंस पूर्ण पूर्णविराम.' असं दिवसाला सात तास. निविदा, राजपत्रं, मतदारयाद्या, हरवलेल्या जनावरांच्या जाहिराती. घरी आल्यावर बायकोनं 'वाढू का?' विचारलं तर 'वाढ पूर्णविराम' असं माझ्या तोंडून गेल्याचं ती अजून चारचौघांत सांगते. मी म्हणतो, एकदाच गेलं. ती म्हणते, तीन वर्षं जात होतं.

तर निवृत्तीनंतरच्या सहाव्या वर्षी शोधकांचं हृदय दमलं. डॉक्टरांचा शब्द आहे हा, दमलं. इस्पितळातून घरी पाठवताना ते शोधकांच्या सुनेला म्हणाले, "आता त्यांना आवडेल ते करू द्या." मी शेजारीच उभा होतो. मला फार आनंद झाला. पथ्य नाही, बंधन नाही, म्हणजे गाडी रुळावर आली. सून पदरानं डोळे का पुसतेय ते मला कळेना. आमच्या कामात जसं लिहिलंय तसं वाचायचं असे, अर्थ काढायचं काम दुसऱ्या खात्याकडे होतं.

शोधकांना काय आवडतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोन दिवस विचार करून ते मला म्हणाले, "वाचक, जन्मभर वाचलं ते लोकांचं. एकदा मजेसाठी काहीतरी वाचूया. तुम्ही वाचा, मी ऐकतो. चुका काढायच्या नाहीत."

"कुठलं वाचू?"

"ती रशियन कादंबरी. आठवते?"

न आठवायला काय झालं? वीस वर्षांपूर्वी आम्ही एका ग्रंथालयाची यादी तपासली होती. त्यात एका कादंबरीपुढे 'भाषांतरित, तीन खंड, पृष्ठे एक हजार तीनशे सेहेचाळीस' असं होतं आणि शोधकांनी पेन्सिल थांबवून विचारलं होतं, "हे कोण वाचत असेल हो?" अठ्ठावीस वर्षांत कामाव्यतिरिक्त त्यांनी विचारलेल्या दोनचार प्रश्नांपैकी तो एक. आता त्याचं उत्तर मिळालं. आम्ही.

मी घरी पोचायच्या आत बातमी आमच्या इमारतीत फुटली. चांगलं काम करायला निघालेल्या माणसाला सल्ला द्यायला लोकांना वेळ असतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "तेराशे पानं? रोजची दहा धरली तरी साडेचार महिने. सारांश मिळतो बाजारात, वीस पानांचा." औषधांच्या दुकानदारानं गोळ्या मोजता मोजता सिनेमा सुचवला. समोरच्या काकू तर दारातच अडवून म्हणाल्या, "आजारी माणसापुढे रशियन? अहो, त्यांच्यात पहिल्या शंभर पानांत निम्मे मरतात आणि उरलेल्यांना खोकला असतो." बायकोचं म्हणणं वेगळंच. "शेगडीबरोबर आलेलं माहितीपत्रक वाचून दाखवा म्हणून मी सहा महिने मागे लागलेय. तेव्हा चष्मा सापडत नाही. आता बरा सापडला."

ग्रंथालयाच्या बाईंनी मात्र माझ्याकडे आदरानं पाहिलं. निदान मला तसं वाटलं. मग त्यांनी नियम सांगितला. एका सभासदाला एका वेळी एकच खंड. पहिला परत केल्याशिवाय दुसरा नाही. "आणि तिसरा बांधणीला गेलाय," त्या म्हणाल्या.

"कधी गेला?"

त्यांनी नोंदवही पाहिली. "मागच्या बाई होत्या तेव्हा."

तो लवकर आणवावा म्हणून एक अर्ज भरायचा होता. छापील अर्ज आमच्याच छापखान्याचा होता आणि त्यात दोन चुका होत्या. त्या मी लाल शाईनं दुरुस्त केल्या, तर बाई म्हणाल्या की खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही, नवा भरा. मी नवा भरला. चुका तशाच ठेवून सही केली आणि बाहेर पडताना दोनदा मागं वळून त्या अर्जाकडे पाहिलं.

पहिल्या दिवशी सकाळी दहाला मी शोधकांच्या खाटेशी खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. पहिल्याच पानावर कुणीतरी कुणालातरी भेटून आनंदित होतं. मी वाचलं, "अहो, तुम्ही उद्गारचिन्ह किती वर्षांनी उद्गारचिन्ह!" स्वयंपाकघरातून सून हातातलं उलथनं घेऊन धावत आली. "काय झालं काका? बाबांना काय झालं?" बाबांना काही झालं नव्हतं. ते डोळे मिटून समाधानानं पडले होते.

नावांचा घोळ तर विचारू नका. प्रत्येक माणसाला तीन नावं. आई एका नावानं बोलावणार, बायको दुसऱ्या, लष्कर तिसऱ्या. आमच्या मतदारयादीत असं केलं असतं तर एक माणूस तीनदा मत देऊन आला असता. शेवटी आम्ही सगळ्यांना पदनामं दिली. कर्नल, थोरली, धाकटी, पोस्टमास्तर, दाढीवाला, दुसरा दाढीवाला. सुनेनं त्यांची यादी कपाटाच्या दारावर चिकटवून दिली. तेरा दिवसांत आम्ही पान एकशे ऐंशीवर आलो. मोठ्या अभिमानानं मी विचारलं, "कसं चाललंय, शोधक?"

त्यांनी उशीखालून कागद काढला. "एकसष्ट," ते म्हणाले.

"काय एकसष्ट?"

"चुका. ऐकून कळलेल्या. तुम्ही वाचताना अडखळता ना, तिथं छपाईत चूक असते." मग जरा वेळानं म्हणाले, "पण वाचक, ती बाई रडतेय ती कोण?"

मला ठाऊक नव्हतं. एकशे ऐंशी पानं मी एकही अक्षर न गाळता वाचली होती आणि रडणारी बाई कोण ते आम्हा दोघांपैकी एकालाही सांगता येईना. थोरली असावी, असा माझा अंदाज. ते म्हणाले, थोरली बेचाळीस पानांमागे बोटीनं गेली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतकी शरम मला साहेबांनी मेमो दिला तेव्हाही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पान एकपासून पुन्हा सुरुवात केली. पेन्सिल सुनेच्या ताब्यात दिली. चिन्हं गिळायची असं ठरलं. सुरुवातीला वाक्य संपलं की माझी जीभ टाळ्याला लागून थांबायची, मग सवय झाली. आणि मग, खरं सांगतो, मजा येऊ लागली. कुणी प्रेमात पडलं की शोधक 'हं' म्हणायचे. कर्नलनं जमीन लाटली त्या दिवशी ते दुपारी जेवले नाहीत. भेटायला येणारे नातेवाईक गंभीर चेहऱ्यानं आत येत आणि पाहत, तर रोगी उठून बसून विचारतोय, "पण त्या दाढीवाल्याला पत्र मिळालंच कसं?"

याच सुमाराला कादंबरीत घोड्यांचा डॉक्टर आला. माणूस अगदी किरकोळ. पलटणीतल्या घोड्यांना औषधपाणी करणारा. लढाईत पलटण विखुरते आणि हा एकटाच मागे राहतो. घरी बायको आणि लहान मुलगी. तेव्हा हा बर्फातून पायी घरी निघतो, आणि लेखक त्याला तिथंच सोडून कर्नलच्या मेजवानीला निघून जातो. मग साठ पानांनी एका परिच्छेदात तो पुन्हा दिसतो, कुठल्यातरी नदीकाठी, पायाला चिंध्या बांधलेला. मग पुन्हा गडप. शोधकांना थोरली, धाकटी, कर्नल, सगळ्यांचा विसर पडला. मी सकाळी आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "आज घोडेडॉक्टर आहे का?"

एकदा तपासणीला आलेल्या डॉक्टरांसमोरच ते पुटपुटले, "घोड्यांच्या डॉक्टरचा काही पत्ता नाही अजून." डॉक्टरांनी कानातली नळी काढली, सुनेला बाहेर नेलं आणि म्हणाले, "दुसऱ्याचं मत घ्यायला माझी हरकत नाही. पण निदान माणसांच्या डॉक्टरचं घ्या." तिला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. ती तशीच भिंतीला टेकून उभी राहिली.

दुसरा खंड संपला आणि तिसरा बांधणीतच होता. मी ग्रंथालयात खेपा घातल्या. बाई म्हणाल्या, बांधणीवाला गावाला गेलाय. मग म्हणाल्या, आलाय, पण डिंक संपलाय. मग म्हणाल्या, पुस्तक झालंय, पण ते आणणारा शिपाई रजेवर आहे. मी म्हणालो, मी आणतो. त्या म्हणाल्या, तशी तरतूद नाही. असे तीन आठवडे गेले. तरी मी रोज दहाला शोधकांकडे जात होतो, कारण दहाला दुसरीकडे कुठं जायचं ते मला माहीत नव्हतं.

वाचायला काही नाही म्हटल्यावर आम्हाला बोलावं लागलं. दोघांनाही सवय नव्हती. चहात ते साखर दोन चमचे घेतात हे मला अठ्ठावीस वर्षं ठाऊक. पण मुलाच्या आधी त्यांना एक मुलगी होती आणि ती तीन वर्षांची होऊन गेली, हे मला बांधणीच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं.

"कधी?" मी विचारलं.

"मोठी मतदारयादी चालू होती तेव्हा. दुपारी दोनला निरोप आला, ताप वाढलाय, या. पाचला जुळवलेल्या पानांचा फॉर्म छपाईच्या मशीनवर चढायचा होता. म्हटलं, एवढं संपवून जाऊ. घरी पोचलो तर..."

मी हिशेब केला. त्या यादीला त्यांच्यासमोर मीच बसलो होतो. मी वाचत होतो.

"शोधक, मला का नाही सांगितलंत? मी थांबलो असतो."

"तुमची ओळ चालू होती," ते म्हणाले.

ते त्या वेळी दोन दिवस रजेवर होते, तेही मला आठवलं. बदली आलेला माणूस चुका सोडतो म्हणून मी साहेबांकडे तक्रार केली होती. तेवढंच मला त्या दिवसांतलं आठवत होतं. मी घरी आलो आणि बायकोला काही सांगितलं नाही.

तिसरा खंड आला तेव्हा शोधकांचा आवाज खोल गेला होता. दिवसाला सहा पानांवर ते झोपी जात. तरी आम्ही नेमानं पुढं सरकत होतो. घोडेडॉक्टर एकदा एका खेड्यात दिसला, तापानं फणफणलेला, आणि नंतर शंभर पानं त्याचं नाव नाही. पान तीनशे दहा संपवून मी खूण घालत होतो, तेव्हा ते म्हणाले, "वाचक, पुढची पानं चाळा. तो पोचतो का तेवढं बघा."

मी म्हणालो, "क्रमानं येईल ना."

"मला क्रमानं नकोय. आत्ता बघा."

"मधलं गाळून पुढं जायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत."

दारात सून उभी होती. ती म्हणाली, "काका, बघा ना. काय बिघडतं?"

काय बिघडतं, हे मी तिला सांगू शकलो नाही. मला भीती वाटत होती. पानं उलटली आणि तो बर्फात मरून पडलेला निघाला तर? ते कुठल्या तोंडानं वाचायचं? क्रमानं गेलं की पोचायला दिवस लागतात, आणि दिवस लागणार असले की माणूस तेवढे दिवस असतो, असला काहीतरी अडाणी हिशेब माझ्या डोक्यात होता. पण मी यातलं काही बोललो नाही. मी नियम सांगत राहिलो. चौतीस वर्षांत मी एक ओळ गाळली नाही, आता या वयात गाळणार नाही, वगैरे.

शोधकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "यंत्र आहात तुम्ही," ते म्हणाले. "छापखान्यात होतात, अजून तिथंच आहात."

मला यंत्र म्हणाले. ज्या माणसासाठी मी शिपायाच्या रजा मोजल्या, ज्याच्यासाठी सदोष अर्जावर सही केली, तो मला सुनेसमोर यंत्र म्हणाला. मी पुस्तक काखेत मारलं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, सव्वादहा वाजले, मी खुर्चीतून उठलो नाही. बायको म्हणाली, "जाणार नाही का?" मी म्हणालो, "त्यांना यंत्राची काय गरज?" ती म्हणाली, "आजारी माणूस बोलतो ते मनावर घेतात का? जा, मुकाट्यानं." मी माहितीपत्रक मागितलं आणि शेगडीची साफसफाई हे प्रकरण तिला सबंध वाचून दाखवलं. मला वाटत होतं, निरोप येईल. 'वाचक, चुकलं' एवढं म्हणावं त्यांनी, माझं काही फार मागणं नव्हतं. संध्याकाळी इंजिनिअर आमच्या जिन्यात भेटले. "आज गेला नाहीत? संपली का कादंबरी?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी सुनेचा फोन आला. "काका, बाबा विचारतायत, आज येणार का?"

निरोप आला होता. पण त्यात 'चुकलं' हा शब्द नव्हता. मी म्हणालो, "जरा कणकण वाटतेय. उद्या बघतो."

"बरं," ती म्हणाली. "जपा, काका."

तिसऱ्या दिवशी मी बरोबर दहाला गेलो. रुसवा सोडायला दोन दिवस पुरे, त्याहून जास्त ताणलं की आपणच हास्यास्पद दिसतो, असं म्हणत मी त्यांचा जिना चढलो. त्यांच्या दाराबाहेर चपला फार होत्या. मी पुस्तक पाठीमागे लपवलं. का लपवलं, कुणास ठाऊक.

पुढचे आठ-दहा दिवस मी ते पुस्तक उघडलं नाही. मग एका सकाळी, दहालाच, उघडलं. मनातल्या मनात वाचायचा प्रयत्न केला, तर जमेना. समोर कुणी नसताना मला वाचता येत नाही, हे मला या वयात कळलं. मग बायको येऊन समोर बसली. मी तीनशे अकरापासून मोठ्यानं सुरू केलं.

पान तीनशे अठरा, खालून सहावी ओळ. कर्नलच्या जमिनीचा वाद चाललेला आणि त्यात जाता जाता अर्धं वाक्य. एव्हाना घोड्यांचा डॉक्टर घरी येऊन महिना झाला होता आणि मुलीला खांद्यावर घेऊन कुंपणावरून शेजाऱ्याशी भांडत होता. एवढंच. पुढं त्याचं नाव नाही.

दिवसाला सहा पानं. मी गेलो नाही त्या दोन दिवसांची बारा. त्यातल्या दुसऱ्या दिवशी, दहा-पंधरा मिनिटांत, क्रमानंच आलं असतं. एक ओळ गाळावी लागली नसती. मी फक्त जायला हवं होतं.

मी तसाच उठलो आणि शोधकांच्या घरी गेलो. सून बाल्कनीत धुतलेल्या चादरी वाळत घालत होती. खाट उचलली होती, कपाटावरची यादी तशीच होती. मी म्हणालो, "पोचला तो. मुलीला खांद्यावर घेऊन उभा आहे." म्हातारा माणूस मी, तिच्यासमोर ओक्साबोक्शी रडलो.

तिनं मला बसवलं. पाणी दिलं. मग हलकेच म्हणाली, "काका, तुम्हाला सांगू की नको असं चाललं होतं माझं. मी फोन केला त्या संध्याकाळी ते फारच घाबरे झाले होते. मी त्यांना खोटंच सांगितलं, म्हटलं, काकांना बरं नाही, पण त्यांनी पुढची पानं चाळून मला फोनवर सांगितलंय, घोडेडॉक्टर घरी पोचतो."

"मग?" मी विचारलं. "बरं वाटलं का त्यांना?"

तिनं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला.

"हसले," ती म्हणाली. "म्हणाले, वाचक? आणि पानं गाळून पुढचं सांगतील? शक्यच नाही. उगाच माझी समजूत घालू नकोस. उद्या येतील ते, तेव्हा ऐकेन."